कांदळाचं पिवळं पान सगळं मीठ घेऊन गळतं का?

प्रश्न : दाभोळच्या खाडीत बोटीतून फिरताना एकाने सांगितलं की कांदळ (खाडीतलं खारफुटीचं झाड) आपलं सगळं मीठ एका पानात साठवतो, ते पिवळं पडून गळतं आणि झाड वाचतं. हे खरंय का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : गोष्ट ऐकायला छान आहे आणि बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण पुरेशी खरी नाही. कांदळाची मुळंच बहुतेक मीठ बाहेर अडवतात. थोडं आत येतं ते पानात साठत जातं हे बरोबर, पण पान जुनं होताना जाडही होतं, पाणी धरतं, त्यामुळे पिवळ्या पानातला खारटपणा शेजारच्या जून हिरव्या पानापेक्षा फार वेगळा नसतो. तिवर या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाचा प्रकार अजून वेगळा, त्याच्या पानावर ग्रंथी असतात आणि त्यातून मीठ थेट बाहेर पडतं, कोरड्या दिवशी पानावर पांढरे कण दिसतात बघा.

मग पिवळं पडताना होतं काय? मला विचाराल तर खरी कमाल इथेच आहे. गळायच्या आधी झाड हरितद्रव्य मोडतं, हिरवा रंग जातो आणि आधीपासूनच असलेला पिवळा दिसायला लागतो, आणि त्याच वेळी पानातलं नायट्रोजन नि फॉस्फरस झाड परत ओढून घेतं, नायट्रोजन तर बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त, कारण खाडीच्या चिखलात ही द्रव्यं सहज मिळत नाहीत. कॅल्शियम मात्र परत फिरवता येत नाही, ते पानातच राहतं. म्हणजे झाड मीठ फेकतंय यापेक्षा खत वाचवतंय असं म्हणणं जास्त बरोबर.

गळलेल्या पानात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, म्हणून ताजं पडलेलं पान खायला तुरट आणि निकस. चिखलातले खेकडे तरीही ते बिळात ओढून नेतात. पाण्यात टॅनिन आणि साखर निघून जाते, मग बुरशी आणि बॅक्टेरिया पानावर वाढतात आणि कुजणाऱ्या पानातलं नायट्रोजनचं प्रमाण उलट वाढतं! कोळंबीची पिल्लं, छोटे मासे यांचं पोट ज्या साखळीवर चालतं तिची सुरुवात इथून होते.

घरी बघायचं असेल तर खाली पडलेली चार-पाच पिवळी पानं काचेच्या बरणीत पाण्यात ठेवा, काही दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होईल, ते टॅनिन. फांदीवरची पानं मात्र तोडू नका, पडलेलीच घ्या.