ट्यूब अँप बंद पडला म्हणून लगेच नवीन घेऊ नको

अरे भाऊ, थांब जरा. गिटारचा ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या ट्यूबांवर (वॉल्ववर) चालणारा अँप्लिफायर, बरेचदा दुरुस्त होतो. आधी फ्यूज पाहा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाक, मोठा टाकून जुगाड केला की मग ट्रान्सफॉर्मरच बसतो. नवा पण उडाला तर प्लग काढ, अँप थंड होऊ दे, पॉवर ट्यूबा (स्पीकरला जोर देणाऱ्या मोठ्या ट्यूबा) काढून अजून एक फ्यूज लावून पाहा, आता टिकला तर बहुतेक ट्यूबच शॉर्ट आहे, आणि ट्यूब म्हणजे बल्बसारखी बदलायचीच वस्तू आहे, त्यात रडायचं काय.

माझा अँप मागे नुसता खरखर करायचा, मला वाटलं गेला कामातून. चालू ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेक प्रीअँप ट्यूब (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारी छोटी ट्यूब) हळूच टिचकावली, तर त्यातली एक, १२एएक्स७ मॉडेलची, स्पीकरमधून टिंग टिंग वाजायला लागली. ती बदलली, झालं.

पण चेसिस (आतलं सर्किट असलेला धातूचा डबा) स्वतः उघडू नको बे! प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३००-४०० व्होल्ट बसून राहू शकतात. नागपूरच्या बर्डीत वगैरे वॉल्वचे रेडिओ दुरुस्त केलेला एखादा जुना मेकॅनिक शोध, गिटार वाजवता आली नाही त्याला तरी चालते.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला जोडलेला) जळला आणि पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, पण काळा पडला, तर मात्र आधी खर्च विचार. सेकंडहँड किमतीच्या अर्ध्यावर गेला तर मी तरी सोडून देईन. हाताने वायरिंग केलेला असेल तर नाही, तो बनवूनच घे. आणि हो, स्पीकर न जोडता वाजवला होता का, ते खरं सांग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानेही जळू शकतो.