अमेरिकेत सरकारी अन्नसाहाय्यातून साखरयुक्त पेये वगळणे योग्य आहे का?

‘स्नॅप’ या, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अन्नखरेदीसाठी मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या कार्डावर दारू व तंबाखू पूर्वीपासूनच घेता येत नाही, त्यामुळे निर्बंधाची कल्पना मुळात नवी नाही. साखरयुक्त पेये वगळण्याची न्यूयॉर्क शहराची विनंती केंद्रीय कृषी खात्याने २०११ मध्ये फेटाळली. २०२५ मध्ये मात्र नेब्रास्का राज्याला तशी परवानगी मिळाली. माझ्या मते खरी अडचण व्याख्येची आहे: गोड शीतपेयाची बाटली बाजूला काढायची आणि क्रीम थापलेला केक पिशवीत जाऊ द्यायचा, हा भेद गल्ल्यावरच्या कर्मचाऱ्याने रांगेत उभ्या गिऱ्हाइकाला कसा समजावावा? शिवाय तीच बाटली रोखीने घेता येतेच. उलट मॅसॅच्युसेट्समधील २०११-१२ च्या प्रयोगात फळे-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत दिल्यावर त्यांचे सेवन वाढले होते, म्हणून बंदीपेक्षा हा मार्ग मला अधिक पटतो.