‘वैध’ चाचणी की ‘सप्रमाण’ चाचणी?

मानसशास्त्रीय चाचणी ‘वैध’ असते ती सरकारमान्य या अर्थाने का, आणि ‘विश्वसनीय’ व ‘सप्रमाण’ यांत फरक काय, असा प्रश्न आला आहे.

सरकारमान्यतेचा इथे संबंध नाही. ‘वैध’ म्हटलं की कायदा आठवतो आणि असा घोटाळा होतो, म्हणून मला पाठ्यपुस्तकांतला ‘सप्रमाण’ हा शब्द जास्त पटतो. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि इथे सगळी भिस्त पुराव्यावरच आहे: गुणांवरून जो निष्कर्ष काढतात, त्याला आधार आहे का? विश्वसनीयता वेगळी. पुन्हा चाचणी दिली तर गुण साधारण तेवढेच येतात का, हे ती सांगते. दरवेळी तेच गुण येऊनही त्यांवरून पुढचं काहीच कळत नाही, असं होऊ शकतं.

‘ही चाचणी सप्रमाण आहे’ हे वाक्य मात्र अर्धवट आहे. कशासाठी सप्रमाण, ते सांगायलाच हवं. चाचणीबाहेरच्या ज्या गोष्टीशी गुण ताडून पाहतात तिला ‘निकष’ म्हणतात: प्रशिक्षणातलं यश, नोकरीतलं काम, आजाराचं निदान. कामाचा निकष बहुधा वरिष्ठांचा शेरा असतो. त्यांना चाचणीचे गुण आधीच ठाऊक असतील, तर तो पुरावा तिथेच नासला.

याहून मोठी अडचण अशी, की कमी गुणांचे उमेदवार घेतलेच जात नाहीत, मग ते कसे निघाले असते हे कळणार कसं? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने हजाराहून जास्त उमेदवारांना, गुण कितीही असोत, सरसकट वैमानिक प्रशिक्षणाला पाठवलं. गुण जितके कमी, तितकी गळती जास्त निघाली. इतका सरळ पुरावा फार क्वचित हाती लागतो.

एरवी निवडलेल्यांचेच आकडे असतात, त्यांत गुण आणि काम यांचा संबंध असतो त्याहून कमी दिसतो, आणि गणिताने दुरुस्ती करावी लागते. तीही वादातीत नाही. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली बुद्धिमत्ता चाचण्या आणि नोकरीतलं काम यांचा सहसंबंध ०.५१ मांडला होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ही दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाल्याचं दाखवून तो ०.३१ वर आणला. याचा अर्थ शंभरात एकतीस अंदाज बरोबर, असा घेऊ नये. हा सहसंबंध गुणांक आहे: शून्य म्हणजे सरळ संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ.