मुंबई ते दुबई विमानाने किती अंतर आहे? तिकिटावर पावणेदोन तासच कसे दिसतात?

हवाई अंतर साधारण १,९३० किमी. विमानाला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, थोडंफार मागंपुढं. पावणेदोन तासात कुणी पोचवत नाही! दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे आणि तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा तिथल्या तिथल्या असतात. पहाटे ४ ला निघालात तर आपल्या घड्याळात सव्वासात, पण तिथं पावणेसहाच वाजलेले. येताना उलटं: तिकिटावर साडेचार तास दिसतील, प्रवास मात्र तीनच्या आसपास. हिवाळ्यात वरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून परतीचं विमान जरा लवकरच येतं.

तुम्ही नांदेडचे असाल तर सांगतो, मुंबईचाच हट्ट धरू नका. हैदराबादहून दुबई २,५५० किमी, म्हणजे विमानात पाऊण तास जास्त बसावं लागेल. पण नांदेडहून हैदराबाद गाडीनं पाच-सहा तासांत होतं, मुंबईला देवगिरी एक्सप्रेसनं अख्खी रात्र जाते. संभाजीनगर-जालन्याकडच्यांना मुंबईच बरी. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, हे दोन्हीकडं सारखंच.