वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींच्या मुलांना शिकवायला भावी शिक्षकांना कसं तयार करावं?

तुम्ही विचारलं आहे की तुमच्या अध्यापक महाविद्यालयात विविधतेवर एक पेपर आहे, छात्राध्यापक (शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारे) त्यात उत्तम गुण मिळवतात, पण सराव पाठाला उभे राहिले आणि समोर चार भाषांची, चार रीतींची मुलं आली की त्यांची गाळण उडते. मग त्यांना वेगळं काय शिकवायचं?

मी बरीच वर्षं सराव पाठांचं निरीक्षण करते आहे. आता माझं मत पक्कं झालं आहे: संस्कृतींची माहिती थोडी कमी द्या आणि एकेका मुलाकडे नीट बघायची सवय लावा. हे मला एका चुकीतून कळलं, म्हणून आधी ती सांगते.

सुरुवातीला मी माहितीच देत होते. अमुक समाजातली मुलं मोठ्यांच्या नजरेला नजर देत नाहीत, तमुक घरांत मुलांनी आपणहून बोललेलं चालत नाही, असे तक्ते फळ्यावर काढून द्यायचे. छात्राध्यापकांना ते आवडायचे, परीक्षेत लिहायला सोपे पडायचे. मग एका सराव शाळेत एक मुलगा दिवसचे दिवस गप्प बसलेला दिसला. नाव घेतलं तरी मान वर करायचा नाही. छात्राध्यापिकेने निरीक्षणवहीत लिहिलं, ‘संस्कृतीमुळे अबोल’. मी खाली सही केली. तो शब्द तिने माझ्याच तक्त्यातून उचलला होता. दीड महिन्याने शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा कळलं की त्याला एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, आणि बसायला जागा मिळाली होती ती अशी की शिकवणाऱ्याचा आवाज नेमका त्याच कानावर पडावा. त्याला त्रास नको म्हणून आम्ही दोघींनी त्याला दीड महिना एकटं सोडलं होतं. ती सही अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून मी वहीचं पान उभं दुमडायला लावते. डावीकडे फक्त जे दिसलं, ऐकलं ते. उजवीकडे आपण त्याचा लावलेला अर्थ, आणि त्या अर्थाखाली आणखी दोन शक्यता. ‘आगाऊ’, ‘लाजाळू’, ‘रस नाही’, ‘घरी अभ्यासाचं वातावरण नाही’ असे शब्द डावीकडे दिसले की पान परत जातं. पहिले दोन आठवडे सगळे वैतागतात. ‘लक्ष नव्हतं’ हा निष्कर्ष आहे हे पटायलाच वेळ लागतो. ‘माझ्या तीन प्रश्नांच्या वेळी ती खिडकीबाहेर बघत होती, चौथा प्रश्न शेजारणीने तिच्या भाषेत सांगितला तेव्हा तिने वहीत बरोबर उत्तर लिहिलं’, हे झालं निरीक्षण. असं लिहिलं की पुढच्या पाठात काय करायचं ते बहुतेक वेळा त्या वाक्यातच सापडतं.

संस्कृतीमुळे काही अडतच नाही, असं मी म्हणत नाही. अडतं, आणि फार खोलवर अडतं. पण ते पोशाखात किंवा सणात शोधून मिळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या कॅरोलायना भागात अनेक वर्षं घराघरांतलं आणि शाळेतलं बोलणं टिपलं. ते काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या कृष्णवर्णीय कष्टकरी वस्तीतली मुलं घरी भरभरून बोलायची आणि शाळेत मुकी व्हायची. शाळेत बाई विचारायच्या, ‘याचा रंग कोणता?’ आता रंग तर बाईंना दिसतच होता! विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे असे प्रश्न त्या मुलांना घरी फारसे कोणी विचारत नसे. घरी विचारायचे, ‘हे कशासारखं वाटतं?’ शिक्षकांनी ‘इथे काय चाललंय?’, ‘असं तू कुठे पाहिलंस का?’ अशी सुरुवात केली तेव्हा तीच मुलं बोलू लागली. त्यानंतर शाळेच्या पद्धतीचे प्रश्नही त्यांना उलगडून दाखवता आले. ही हकिकत सांगून झाली की मी प्रत्येकाला आपलं पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) काढायला लावते आणि उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न मोजायला सांगते. बहुतेकांचे सगळेच प्रश्न तसले निघतात.

सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे सहाध्यायांसमोर छोटा पाठ घेऊन एकेक कौशल्य घोटण्याच्या, तासिकांत आणखी एक गोष्ट नक्की करून घ्या: थांबणं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले, की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. प्रश्न एका भाषेत ऐकून मनात दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलासाठी एक सेकंद म्हणजे संधी नाकारल्यासारखंच आहे. माझ्याकडे एक जण शिकवतो आणि त्याचा सहाध्यायी बाकावर बोटाने तीन ठोके देतो. तोवर तोंड उघडायचं नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ही सवय अंगवळणी पडायला अख्खं सत्र जातं.

गणिताचे छात्राध्यापक म्हणतात, ‘आमच्या विषयात कसली आली संस्कृती?’ त्यांना मी एक वही दाखवते. परदेशातून आलेल्या एका मुलाने साडेतीन हे ‘३,५’ असं लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती. जर्मनी, फ्रान्स आणि इतर अनेक देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात. त्याचं गणित बरोबर होतं. भागाकाराची मांडणीसुद्धा देशोदेशी वेगळी असते. फुली मारण्याआधी ‘हे कसं केलंस, मला दाखव’ एवढं विचारलं असतं तर सगळ्या वर्गाला एक नवीन गोष्ट कळली असती.

आता भाषा. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. ‘मैदानावर फाडफाड बोलतो, मग धडा समजत नाही कसा? आळशी आहे’, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे! द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. कॅनडात स्थलांतरित मुलांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की रोजचं बोलणं साधारण २ वर्षांत जमतं, पण शाळेच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षं लागतात. हे नुसतं सांगून आत उतरत नाही. म्हणून सत्राच्या सुरुवातीला माझी एक सहकारी, वर्गात कोणालाच येत नाही अशा भाषेत २० मिनिटं अपूर्णांक शिकवते. प्रश्न विचारते, वहीत लिहायला लावते, चुकलं की मान हलवते. हुशार, पदवीधर मंडळी दहाव्या मिनिटाला शेजाऱ्याची वही बघून उतरवायला लागतात. कोणी उगाच हसतात, कोणी बाहेर जायची परवानगी मागतात, एकदा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर मी विचारते, आत्ता तुम्ही काय काय केलंत? उत्तरं फळ्यावर लिहिते. ती यादी आणि ‘बेशिस्त मुलांची लक्षणं’ म्हणून त्यांनीच आदल्या आठवड्यात लिहिलेली यादी मी शेजारी शेजारी ठेवते. काही बोलावं लागत नाही. मग तोच पाठ पुन्हा होतो, या वेळी चित्रं, कागदाच्या घड्या, नेमके चार शब्द फळ्यावर, आणि आपसात स्वतःच्या भाषेत बोलायची मोकळीक. लगेच गणितं सुटतात. मुलांची घरची भाषा वर्गात येऊ दिली की अभ्यास बिघडतो, हा समज त्या २० मिनिटांनंतर बराचसा गळून पडतो.

पालकांबद्दल थोडंच सांगते. मुलाची तक्रार मुलाकडूनच पालकांना भाषांतर करून सांगू नका. दुभाषा म्हणून दुसरा कोणीतरी मोठा माणूस शोधा. आणि घरी जायचं तर विचारायला जा. अमेरिकेत अॅरिझोना राज्यातल्या टूसॉन इथे शिक्षण संशोधक लुइस मोल आणि सहकाऱ्यांच्या प्रकल्पात शिक्षक स्वतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांकडे शिकायला म्हणून गेले. तिथे त्यांना शेती, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार यांचं केवढं ज्ञान सापडलं, आणि त्यावर त्यांनी पाठ रचले. यावरचा त्यांचा लेख १९९२ चा आहे.

एक धोका मात्र सांगून ठेवते. या सगळ्याच्या नादात काही छात्राध्यापक अपेक्षाच खाली आणतात. ‘बिचारा, त्याला एवढं पुरे.’ अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये संस्कृतीशी नातं जोडणाऱ्या अध्यापनाचे जे तीन निकष मांडले, त्यांतला पहिलाच मुलांच्या शैक्षणिक यशाचा आहे. मुलाला वाचता आलं पाहिजे, गणित आलं पाहिजे. त्याच्या गाण्याला टाळ्या वाजवल्या आणि वाचनात त्याला मागे ठेवलं, तर आपण त्याचं नुकसानच केलं.

तुमच्या ‘एक पेपर’ या मुद्द्याकडे येते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये लिहिलं होतं की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी शिक्षकांच्या सहवासात सुमारे १३,००० तास घालवतो. म्हणजे आपल्याकडे येणारा प्रत्येक जण शिक्षक कसा असतो हे आधीच ‘शिकून’ आलेला असतो, आणि गडबडीच्या क्षणी तेच बाहेर येतं. त्यापुढे ४०-५० तासांचा पेपर कितीसा टिकणार? म्हणून हे काम पाठ टाचणात, सूक्ष्म अध्यापनात, आंतरवासितेत (शाळेत राहून करायच्या प्रत्यक्ष कामात), प्रत्येक विषयाच्या अध्यापन पद्धतीत यायला हवं. सराव शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांनाही आधी बोलावून सगळं समजावून सांगा. नाहीतर आपण थांबायला शिकवतो आणि तिथे कोणीतरी सांगतं, ‘पोर्शन संपवा आधी.’

आणि पाठ निरीक्षणाचा तक्ता बदला. ज्याला गुण नाहीत ते छात्राध्यापक करत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. आमच्या तक्त्यात फलक लेखन, आवाज, वर्ग नियंत्रण सगळं होतं. मी खाली एक ओळ घातली: ‘आज ज्यांच्याशी मी एकदाही बोलले नाही त्या मुलांची नावं, नीट उच्चार विचारून.’ पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांची ती ओळ कोरी आली. आम्ही सगळ्यांशी बोललो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. दुसऱ्या फेरीत मी मागे बसून खुणा केल्या आणि पाठ संपल्यावर कागद त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या फेरीपासून नावं यायला लागली, सहा, सात, एकीच्या तक्त्यावर अकरा.