सांगलीत नव्याने राहायला आलोय. पूर आला तर घराची तयारी कशी ठेवावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बदली होऊन टिळक चौकाच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने राहताय, मालक वरच्या मजल्यावर आहेत. घरात दोन मुलं आणि सासूबाई, त्यांना रोज इन्सुलिन. आणि तुम्ही विचारताय की व्हिडिओत दाखवतात तसं तीन महिन्यांचं राशन, सोलरचे दिवे, मोठमोठ्या बॅगा हे सगळं आत्ताच घ्यायचं का.

खरेदी नंतर करा. आधी घरातल्या सगळ्यांनी बसून दोनच गोष्टी ठरवा. पाणी किती फुटांवर आलं की घर सोडायचं, आणि सोडून कुणाकडे जायचं. ज्या घरात हे आधी ठरलेलं असतं ती माणसं कोरड्या पायांनी बाहेर पडतात. ज्यांचं ठरलेलं नसतं ती "अजून थोडं बघू" म्हणत बसतात आणि मग बोटीची वाट बघतात.

फुटांचं गणित नवीन माणसाला कळत नाही म्हणून सांगतो. सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ चा पूल. त्याच्यापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पण हे आकडे सगळ्या शहराचे झाले, तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडच्या बाजूला पाणी इशाऱ्याच्या आधीच शिरतं, तर विश्रामबागेकडे धोक्याची पातळी ओलांडली तरी लोक बाजारहाट करत असतात. म्हणून तुमच्या गल्लीतल्या जुन्या माणसाला, दूधवाल्याला, किराणावाल्याला विचारा: "आपल्या कट्ट्याला पाणी लागतं तेव्हा आयर्विनला किती असतं?" आणि दुसरा प्रश्न विसरू नका: "बाहेर पडायचा रस्ता किती फुटाला बंद होतो?" बहुतेक ठिकाणी घराआधी रस्ता जातो. या दोन्हींतला जो आकडा कमी असेल त्यातून आणखी पाच फूट वजा करा. ते तुमचं निघायचं फूट. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. त्या आकड्याला पाणी आलं की वाद नाही, मतदान नाही, निघायचं. रात्री वाढणारं पाणी बघत जागत बसायची वेळ येऊ देऊ नका.

गल्लीत कुणीतरी भिंतीवरची खूण दाखवून म्हणेल, "पाणी इथवरच येतं." त्या खुणेवर विसंबू नका. २००५ ला जिथे पाणी थांबलं होतं ती रेघ धरून २०१९ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी घरं थांबली, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला कोरड्या राहिलेल्या घरांतही शिरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. त्याच २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावातून बाहेर पडणाऱ्यांची नाव उलटली आणि माणसं गेली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. लवकर निघा हे मी एवढं जीव तोडून सांगतोय ते त्यासाठीच.

आणखी एक. सांगलीत ऊन पडलेलं असताना पाणी चढू शकतं. कोयना धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). तिथून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि मग खाली आपल्याकडे येतं. त्यात आपल्या खालच्या अंगाला, हरिपुरात, वारणा येऊन मिळते. वारणेला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे सांगलीत येतो. म्हणून खिडकीतून आभाळ बघून अंदाज बांधू नका. धरणाच्या पाणलोटात, म्हणजे कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरला, किती पाऊस पडला आणि धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं, हे दोन आकडे सकाळ-संध्याकाळ बघा. ते पाणी इथे पोचायला वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो.

आता जायचं कुठे. विश्रामबाग, कुपवाड, मिरज या बाजूला कुणी नातेवाईक, ऑफिसातले कुणी सहकारी असतील तर आजच फोन करा. संकोच करू नका. "पाणी चढलं तर आम्ही पाच जण तुमच्याकडे येऊ, चालेल ना?" एवढं विचारलं की पुढचा माणूसही मनाने तयार राहतो. इथली माणसं अशा वेळी दार लावून घेत नाहीत, हे मी मोठ्या पुरांत पाहिलंय. कुणीच नसेल तर महापालिका शाळांमधून निवारा केंद्रं उघडते, तिथे जायला कमीपणा मानू नका. आणि शेजारी एकटी म्हातारी माणसं असतील तर त्यांचं नाव तुमच्या यादीत घाला.

सासूबाईंचं इन्सुलिन ही तुमच्या घरातली सगळ्यांत नाजूक गोष्ट. पाणी आलं की वीज आधी बंद करतात, म्हणजे फ्रिज गेला. निघताना रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये थोडा बर्फ, त्यावर जाड फडकं, आणि त्यावर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. बर्फ मिळाला नाही तर मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू घाला, त्यात छोटं मडकं बसवा, बाटली त्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. वाळू ओली ठेवलीत तर आत चांगला गारवा राहतो. वापरात असलेली बाटली बाहेर किती दिवस चालेल हे तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. बीपीच्या गोळ्या, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या पंधरा दिवसांच्या जादा ठेवा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्सही.

बाकी पिशवीत काय घालायचं ते तुम्हाला कळतंच. कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये, रोख पैसे सुट्ट्या नोटांत (एटीएम आणि फोनवरून पैसे देणं दोन्ही बंद पडतं), बॅटरी, भरलेली पॉवर बँक, मुलांचे कपडे. दोन-चार फोन नंबर कागदावर लिहून घ्या, मोबाइल बंद पडला की एकही नंबर आठवत नाही. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, आणि कुठल्याही आणीबाणीला ११२.

कधी पाण्याने गाठलंच आणि वर मालकांकडे राहावं लागलं, तर सगळ्यांत आधी पिण्याचं पाणी संपतं. चोहीकडे पाणी आणि नळ कोरडा, कारण नदीकाठची पंपाची यंत्रणाच बुडते. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरा, तीन दिवसांचं साठ. पाणी चढायला लागलं की आधी पिंप, घागरी, कळशा भरून वर न्या. गढूळ पाणी वापरायची वेळ आली तर आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळा आणि खळखळ उकळा. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरचे थेंब वापरा, पण गाळ बसल्यानंतरच. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. टाकल्यावर अर्धा तास थांबा. पोट बिघडलं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने मोजून.

गॅसच्या टाकीबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते. लोखंड आणि गॅस मिळून वजन तीस किलोच्या आसपास, आणि टाकी बाजूला सारते त्याहून जास्त पाणी. पाणी चढलं की ती उठते, नळी ताणली जाते, आणि गॅस गळायला लागतो. निघताना रेग्युलेटर काढा, टोपी लावा, टाकी वर न्या. नाही जमलं तर साखळीने खिडकीच्या गजाला बांधा. मेन स्विच बंद करूनच दार ओढा.

खाण्याचं तीन महिन्यांचं काही नको. तुम्ही रोज खाता तेच आठवडाभराचं जादा ठेवा आणि आधी आणलेलं आधी संपवत जा. चूल न पेटवता खाता येईल असं हवं: चुरमुरे, भडंग, शेंगदाणे, गूळ, तासगावचे बेदाणे, राजगिऱ्याचे लाडू, दुधात नाही तर ताकात भिजवायला पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. सासूबाईंना कडक भाकरी आणि फुटाणे. मुलं हे सगळं आवडीने खातात, बिस्किटांचे पुडे संपले तरी अडत नाही.

स्वावलंबनाचं तुम्ही शेवटी विचारलंय. भाड्याच्या घरात शेती होत नाही, पण वर्षाचं धान्य भरायची आपली जुनी रीत तुम्ही धरू शकता. ज्वारी-गहू एप्रिल-मेमध्ये घ्या, गच्चीवर कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली घेतला तर कट्‌कन तुटला पाहिजे. मऊ दबला तर अजून ओल आहे, तो भरला की किडा लागणारच. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, वाळवलेला कडुलिंबाचा पाला मधेमधे घालून भरा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात अजिबात आणू नका, त्यांच्या वायूने झोपेत माणसं गेलेली आहेत. आणि डबा तळमजल्यावर जमिनीवर ठेवू नका. हरिपुरात पूर्वापार हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत, हवा नाही म्हणून वर्षानुवर्षं कीड लागत नसे. २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि हळद गेली. साठवण कितीही उत्तम असली तरी ती उंचावर हवी.

पाणी ओसरल्यावर घाईने झाडलोट करू नका. आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. वायरमनने तपासल्याशिवाय बटणाला हात नको. चिखलात गमबूट घाला. पायाला जखम असेल किंवा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) विचार करून लगेच डॉक्टरांकडे जा. कपाटामागे, अंथरुणात साप बसलेले असतात, काठीने हलवूनच वस्तू उचला. चावलाच तर कापाकापी, मांत्रिक काही नको, हात-पाय न हलवता थेट सिव्हिल हॉस्पिटल.

तुमचे मालक वर राहतात ही मोठी सोय आहे. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. २०१९ ला या घरात पाणी कुठवर आलं होतं, जिन्याची किल्ली रात्री कुणाकडे असते, आणि तुमची टाकी, धान्याचे डबे, मुलांची पुस्तकं ठेवायला वर एक कोपरा देतील का. पावसाळा आहे तोवर डबे आत्ताच वर गेले तरी चालतील.