ग्लासगोच्या ‘किंग टट्स’सारख्या छोट्या क्लबात इंडी (स्वतंत्र रॉक) बँड ऐकताना पहिल्या रांगेत गायकाचे शब्दच का कळत नाहीत? उभं कुठे राहावं?

पहिली रांग सोडा. सगळ्या माइकांचा आवाज जुळवायचा मिक्सर मांडलेलं टेबल शोधा आणि त्याच्या दोन-तीन पावलं पुढे, खोलीच्या मधोमध उभे राहा. साउंडवाला तिथे जे ऐकतो त्यावरूनच तो आवाज जुळवत असतो.

आता शब्द का बुडतात ते सांगतो. किंग टट्समध्ये साधारण 300 माणसं मावतात. एवढ्या जागेत ड्रमला माइक लावला नाही तरी ते मागच्या भिंतीपर्यंत पोचतात. शिवाय इंडी गिटारवाल्यांचा आवडता व्हॉक्स एसी-30 अँप (गिटारचा आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी) 30 वॉटचाच असला, तरी त्याच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांचा, तो किंचित फाटलेला, करकरीत आवाज बराच वर चढवल्याशिवाय निघत नाही. अँप असतो जमिनीवर. त्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांवर आणि पुढच्या श्रोत्यांच्या तोंडावर आदळतो. वाजवणाऱ्याला स्वतःला तो कमी ऐकू येतो, म्हणून तो आणखी वाढवतो. अँप मागे तिरका करून त्याच्या कानाकडे वळवला तर अर्धं काम होतं, आणि समजूतदार बँड तसंच करतात.

गायकाला असा अँप नसतो. त्याचा आवाज येतो तो स्टेजच्या दोन बाजूंच्या स्पीकरमधून. पहिल्या रांगेत मधोमध उभं राहिलं की ते दोन्ही स्पीकर तुमच्या दोन बाजूंनी मागच्या लोकांकडे तोंड करून वाजतात. स्टेजवरचे मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, तर गायकाकडेच वळवलेले.

मग साउंडवाला गायकाचा आवाज वाढवत का नाही? गायकाच्या माइकपासून ड्रमच्या झांजा जेमतेम दोन मीटरवर असतात. माइक वाढवला की झांजाही वाढतात, आणि आणखी वाढवला तर मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. त्यामुळे शब्द ऐकू येत नसले तर दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो.

मागच्या भिंतीला टेकू नका, तिथे बास, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, फुगून सगळं गढूळ होतं. स्पीकरच्या अगदी तोंडाशी तर मुळीच नको. 100 डेसिबलला सुरक्षित वेळ 15 मिनिटं धरतात आणि मुख्य बँड तासभर सहज वाजवतो. म्हणून कानात प्लग घाला. पण फोमचे प्लग वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतात, त्यामुळे शब्द आणखी अस्पष्ट होतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या. फोमचेच असतील तर बारीक वळा, कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा.

पहिल्या दोन गाण्यांवरून मत बनवू नका. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या खोलीत झालेला असतो. गर्दी भरली की माणसांचे कपडे वरच्या पट्टीचा आवाज शोषतात, आणि मिक्सरवर सगळं नव्याने जुळवावं लागतं.

आणि दार उघडतं तेव्हाच जा, मुख्य बँडआधी वाजवणारे सपोर्ट बँड चुकवू नका. 31 मे 1993 ला याच क्लबात क्रिएशन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या अ‍ॅलन मॅगीने ओएसिस या तेव्हा अनोळखी बँडला ऐकलं आणि करार देऊ केला. त्या रात्री ओएसिस मुख्य बँड नव्हता. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर बारवर ओळखपत्र मागतील, पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही.